हाक मारल्यावर बघत नाही

अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी मी बालशिक्षणात मास्टर्स करत होते, तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. त्या सत्रात प्रोफेसरबाईंनी पुस्तकं बाजूला ठेवायला लावली आणि प्रत्येकीला विद्यापीठाच्या आर्काइव्हमधलं एकेक खोकं दिलं. इतिहास हातात घेऊन बघा, म्हणाल्या.

माझ्या खोक्यात जवळच्याच गावातल्या, कधीच बंद पडलेल्या बालवर्गाचं सामान होतं. मुलांनी विणलेल्या कागदी चटया, पुठ्ठ्यावर दोऱ्याने शिवलेली बदकं आणि तिथल्या बाईंची रोजची वही. मी पेन्सिलीने नोंदी उतरवून घेऊ लागले.

एका मुलीबद्दल बाईंनी पुन्हापुन्हा लिहिलं होतं. आधी, हाक मारल्यावर बघत नाही. मग, हट्टी आहे, कोपऱ्यात उभी केली. पुढे बरेच दिवस कोपराच. नंतर, आता त्रास देत नाही, दिवसभर शांत बसते. आणि एके दिवशी तिचं नाव आडव्या रेघेने खोडलेलं. कारण कुठेच नाही. पुढची पानं मी दोनदा चाळली.

मी फोन काढला. लेकीच्या डेकेअरच्या ॲपवर गेले तीन आठवडे आम्हाला रोज तेच येत होतं: आज खूप शांत होती, गुणी बाळ. आम्ही दोघं खूश होतो. इंग्लिश नवं आहे, रुळेल हळूहळू, असं धरून चाललो होतो. पुण्यात सहा वर्षं बालवाडी शिकवलेली मी!

गाडी नवऱ्याकडे होती. मिळेल ती बस पकडून डेकेअर गाठलं. लेक पाठमोरी बसून ठोकळे रचत होती. मी दारातून हाक मारली, मग आणखी मोठ्याने. बाकीची सगळी मुलं वळली. ती नाही.

"शी इज जस्ट फोकस्ड," टीचर हसून म्हणाली.

मी तिच्या मागे जाऊन जोरात टाळी वाजवली. ठोकळे रचणं चालूच. खांद्याला हात लावला तशी ती केवढ्यानं दचकली! मनोरा कोसळला. मग ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. घरीही ती अशीच बघायची आणि मला वाटायचं, किती लाघवी आहे.

डॉक्टरांची अपॉइंटमेंट दोन आठवड्यांनंतरची मिळाली. मधल्या काळात मी आर्काइव्हमधून त्या गावच्या शाळेची, वहीनंतरच्या वर्षाची पहिलीची यादी मागवली. बालवर्गातली सगळी मुलं त्यात होती. वहीत नाव खोडलेली ती एक सोडून.

"दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलंय," डॉक्टर म्हणाले. "किती दिवसांपासून ऐकू येत नाहीये?"



ऑपरेशन करून कानांत बारीक नळ्या बसवल्या. भर पावसात घरी परतताना गाडीत ती एकदम कान झाकून रडायला लागली. "आई, कोण ओरडतंय?"

कोणी ओरडत नव्हतं. वायपर काचेवर घासत होते, एवढंच. नवऱ्याने ते बंद केले आणि समोरचं दिसेनासं व्हायच्या आत गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.