आरशावरचं यकृत

पोरगी मेडिकलला लागली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वडिलांच्या सलूनमधली गिऱ्हाइकं तिला डॉक्टरीण म्हणायला लागली. ती दुकानातून मागच्या घरात जाताना दिसली, की तोंडाला फेस लावलेला माणूससुद्धा मान वळवायचा.

"डॉक्टरीणबाई, गुडघा फार दुखतो हो."

वडील वस्तरा हवेत धरून म्हणायचे, "मान सरळ. नाहीतर तिचं पहिलं गिऱ्हाईक आज तुम्हीच व्हाल."

घर म्हणजे दुकानामागची दीड खोली. त्यात तिघं माणसं आणि आईचं शिलाई मशीन. पाय पसरून अभ्यास करायचा तर दुकान बंद असेल तेव्हाच, म्हणजे आठवड्याच्या सुट्टीला. शटर अर्धं ओढून ती भिंतभर आरशासमोर उभी राहायची. ॲनाटॉमीच्या पुस्तकातल्या आकृत्या काही केल्या तिच्या डोक्यात टिकत नव्हत्या. त्या आकृत्यांना चेहरा नव्हता, आणि बिनचेहऱ्याच्या माणसाला पोट असेल यावर तिचा विश्वास बसत नव्हता. म्हणून तिनं स्वतःची युक्ती काढली. साबणाची ओली वडी घ्यायची आणि आरशातल्या आपल्याच प्रतिबिंबावर अवयव काढायचे. उजव्या बरगड्यांखाली यकृत. डावीकडे प्लीहा. खाली उजवीकडे करंगळीएवढं अपेंडिक्स. प्रत्येक वेळी आपला हात आपल्या कुशीवर ठेवून खात्री करून घ्यायची. पुस्तकात यकृत पानाच्या डाव्या अंगाला छापलेलं होतं, ते तिला दिसत होतं. पण पुस्तकापेक्षा आरसा घरचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील ओला कपडा घेऊन हाक मारायचे, "अगं, तुझी आतडी पुसू का? गिऱ्हाईक आलंय." एकदा एक मूत्रपिंड कोपऱ्यात राहून गेलं. रोज दाढीला येणाऱ्या निवृत्त पोस्टमनकाकांनी विचारलं, "हे काय, घेवडा?" वडिलांनी मोठ्या ऐटीत सांगितलं, "किडनी आहे. तुम्हालाही आहेत. दोन." ते मूत्रपिंड त्यांनी बरेच दिवस पुसलं नाही.

कॉलेजात मृतदेहाच्या टेबलाभोवती मुलांची दाटी असायची. तिला नेहमी डोक्याकडची जागा मिळायची. तिथून पाहिलं तरी यकृत तिच्या उजव्या हाताला यायचं. म्हणजे आरशात होतं तसंच. शंका यायला कारणच उरलं नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेत अवयवांच्या जागा जिवंत माणसाच्या अंगावर आखून दाखवायच्या होत्या. कॉलेजचा माळी उघड्या अंगानं तिच्यासमोर उभा होता. परीक्षक मॅडमनी पेन्सिल दिली. तिचा हात न अडखळता चालला. यकृत झालं, हृदयाचं टोक झालं, अपेंडिक्स झालं. एवढं स्वच्छ आपण कधीच काढलं नव्हतं, असं वाटून ती एक पाऊल मागे सरकली.

मॅडम वाकून माळ्याचं पोट बघत होत्या. "हे अपेंडिक्स?"

"हो, मॅडम."

"मग दुसऱ्या बाजूला हा ऑपरेशनचा व्रण कशाचा आहे?"

तिनं पाहिलं. माळ्याच्या उजव्या कुशीत जुन्या टाक्यांची पांढरी रेघ होती. मघापासून होती. तिनं सगळा माणूस उलटा भरला होता: यकृत डावीकडे, हृदय उजवीकडे.

"हा काय आरशातला माणूस आहे?" मॅडमनी विचारलं. त्यांनी सहज विचारलं होतं. पण ते इतकं नेमकं लागलं, की पुढच्या प्रश्नांची येत असलेली उत्तरंही तिनं चुकवली.

ती नापास झाली. पुरवणी परीक्षेत सुटली तर आपल्याच वर्गाबरोबर पुढे, नाहीतर एक वर्ष मागे, नव्या मुलांच्या रांगेत. घरात तिनं आईला सांगितलं. वडिलांना सांगायला जीभ रेटली नाही. आईनं मशीन थांबवलं, उठून दुकानाच्या दारात गेली, वडिलांच्या कानाशी काहीतरी बोलून परत आली आणि मशीन सुरू केलं. पोरगी दाराच्या पडद्याआड उभी राहिली. बाहेर पोस्टमनकाका खुर्चीत होते.

"काय, लागला का आमच्या डॉक्टरीणबाईंचा निकाल?"

कात्री चालूच राहिली. "लागला. ॲनाटॉमीत नापास झाली," वडील म्हणाले. बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाले. "पुन्हा बसणार आहे. मान जरा खाली घ्या."

पडद्याआड तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. फटीतून ती वडिलांकडे बघत राहिली. जन्मभर हा माणूस दुसऱ्यांच्या मागे उभा राहिला होता. गिऱ्हाइकाचा उजवा कान वडिलांच्या उजव्या हाताला, आणि समोरच्या आरशातही उजव्याच बाजूला. या दुकानात माणसाला कुणी समोरून पाहतच नव्हतं. वडिलांना त्याची गरज नव्हती. त्यांचं काम पाठीमागून होत होतं, आणि चोख होत होतं. पण तिला ज्या कामाला जायचं होतं, तिथे माणूस समोर येऊन उभा राहणार होता. आपण चुकलो कुठे, हे तिला त्या क्षणी कळलं. आपण मठ्ठ नव्हतो. आपण चुकीच्या जागी उभे होतो.

पुढच्या सुट्टीला तिनं गिऱ्हाइकांच्या अंगावर टाकायची कापडं आरशावर टांगली. वडील बघत राहिले. "कोणी गेलंबिलं का, आरसा झाकायला?"

"बाबा, खुर्चीत बसा. शर्ट काढा."

"मी?" त्या खुर्चीत ते कधी बसले नव्हते. त्यांची स्वतःची दाढीसुद्धा उभ्यानं व्हायची. अवघडून बसले. तिनं खुर्ची गर्रकन आपल्याकडे फिरवली आणि बापलेक समोरासमोर आले.

"उजवा हात वर करा."

त्यांनी केला. तो तिच्या डाव्या बाजूला वर गेला. ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली.

"किती वेळ धरू गं? शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटतंय."

"आता इथे यकृत," ती म्हणाली आणि पेन्सिल टेकवली.

"थंड आहे गं!"

"यकृत?"

"पेन्सिल!"

वडिलांचं अंग अपुरं पडायला लागलं तेव्हा पोस्टमनकाकांनी आपण होऊन पोट पुढे केलं. जागा भरपूर होती. जातायेता ते लोकांना सांगायचे, "आमची प्लीहा एकदम जागच्या जागी आहे. डॉक्टरीणबाईंनी स्वतः आखलीय."

पुरवणी परीक्षेला तोच माळी, त्याच मॅडम. माळी शर्ट काढता काढता पुटपुटला, "ताई, टाक्यांकडे बघा म्हणजे झालं."

ती हसली. मग पेन्सिल हातात न घेताच म्हणाली, "दादा, तुमचा उजवा हात वर करा."

"हे कशाला?" मॅडमनी विचारलं. "घाबरलीस का?"

"नाही, मॅडम. मी इथून सुरुवात करते."

माळ्यानं हात वर केला. तिनं यकृत आखलं. टाक्यांकडे पाहायची वेळच आली नाही.

ती सुटली, आपल्या वर्गाबरोबर पुढे गेली, सर्जन झाली. हात वर करायला सांगायची सवय मात्र सुटली नाही. ऑपरेशनच्या आधी ती पेशंटच्या समोर उभी राहते, त्याला हात वर करायला लावते, दुखरी जागा त्यालाच त्याच्या बोटानं दाखवायला सांगते आणि मगच पेननं खूण करते. नवे डॉक्टर गालात हसतात. हसून झाल्यावर तेही तसंच करायला लागतात.

मागच्या वर्षी वडील डाव्या बाजूच्या हर्नियासाठी तिच्याच वॉर्डात दाखल झाले. राउंडला ती पलंगासमोर उभी राहिली. मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका.

"उजवा हात वर करा, बाबा."

शेजारच्या पलंगावरचा माणूस खुदकन हसला. "काय हो, लेकीला एवढंही कळत नाही होय, बापाचा उजवा हात कुठला ते?"

वडिलांनी हात आणखी ताणून वर केला.

"ह्याच्यातच नापास झाली होती ती," त्यांनी साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "पहिल्याच वर्षी. विचारा तिला!"

"हो, झाले होते," ती म्हणाली, आणि पेनचं टोपण काढून त्यांच्या डाव्या जांघेवर खूण केली.