मामांचं पहिलं मत

राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीची माझ्या मामेसासऱ्यांइतकी काळजी साऱ्या सिंगापुरात कुणी केली नसेल, खुद्द उमेदवारांनीही नाही. मामा अकाउंटंट. साठी गाठली तरी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. पुण्यात मतदार यादीत थोरल्या भावाचं नाव सापडे, यांचं कधीच नाही. पुढे इकडे आले आणि वर्षानुवर्षं पीआरच, म्हणजे मताचा हक्क नसलेले कायम रहिवासीच राहिले. घरात तर त्यांना मत विचारायची पद्धतच नव्हती. काय शिजवायचं ते मामी ठरवत आणि मामा जेवत. अखेर त्यांनी भारताचा पासपोर्ट परत करून इथलं नागरिकत्व घेतलं. त्या दिवशी घरी आल्यावर आधी देवापुढे हात जोडले. मग म्हणाले, "जावईबापू, तिकडे राष्ट्रपतींना आमदार-खासदार निवडतात. इथे मी निवडणार."

२००५ साली तो योग आला आणि मामा जनमत अजमावायला बाहेर पडले. बुकित पंजांगच्या एलआरटीत, म्हणजे छोट्या मेट्रोत, शेजारी बसलेल्या माणसाला ते आधी हवापाणी, मग गुडघेदुखी आणि मग राष्ट्राध्यक्ष अशा क्रमाने गाठत. खाण्याचे गाळे असलेल्या हॉकर सेंटरमधल्या कॉफीवाल्या अंकलला विचारलं, तर तो इथल्या खास इंग्रजीत म्हणाला, "एनीबडी आल्सो कॅन लाह. यू वॉन्ट कोपी ऑर नॉट?" मामांनी मला गंभीरपणे कळवलं, "जनमत अजून तळ्यात-मळ्यात आहे." पेपरात येणाऱ्या नावांची त्यांची पारखही न्यारी. "हा हुशार आहे, पण हसायची घाई करतो. पाहुण्या राजापुढे असं बरं दिसत नाही." एकदा लिटिल इंडियात दुकानदाराशी या विषयावर इतके रंगले की भेंडी तिथेच विसरून आले. मामी म्हणाल्या, "अहो, आता राष्ट्राध्यक्षांनाच फोडणी देऊ का?" मतदानाला घालायचा पांढरा शर्ट मात्र कडक इस्त्री करून कपाटात टांगलेला होता, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी घरात ताकीद होती.

इथे या पदासाठी उभं राहायचं तर आधी पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते एकालाच मिळालं होतं. तरी शेवटच्या घटकेला कुणीतरी उगवेल, या आशेवर मामा उमेदवारी अर्जांच्या दिवशी सकाळपासून टीव्हीपुढे बसले. मलाही त्यांनी रजा घ्यायला लावली होती. दुपारी जाहीर झालं: बिनविरोध. मतदान होणार नाही. मामांनी टीव्ही बंद केला.

"माणूस चांगला आहे हो. मी कदाचित त्यालाच दिलं असतं," ते म्हणाले. "पण द्यायला मिळायला हवं होतं."

मला फार वाईट वाटलं. मी उठून पंखा वाढवला.

संध्याकाळी मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ओट्यावर एकीकडे डाळ शिजवून ठेवलेली, दुसरीकडे बेसन कालवलेलं. "अहो," त्या म्हणाल्या, "आज पिठलं करू की आमटी? तुम्ही सांगाल तसं."

मामांनी चमकून वर पाहिलं. "खरंच विचारतेयस?"

"खरंच."

ते उठून आतल्या खोलीत गेले. बराच वेळ झाला तसं आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो. मग मामा बाहेर आले. अंगात तो पांढरा शर्ट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. ते मामींसमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "पिठलं."