चांगुणाचा जबाब

अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, चांगुणाचे वडील देवळ्याला अत्यवस्थ असल्याचा फोन शेजारच्या खंडेरावांकडे आला. मखमलाबादच्या त्या मळ्यांत फोनही त्यांच्याकडेच होता आणि मारुती व्हॅनही. चांगुणाचा नवरा पुंजाराम बाजारात फुलं नेणारा टेम्पो चालवायचा, म्हणून खंडेरावांनी चावी त्याच्या हाती दिली. "तूच चालव रे बाबा," एवढंच बजावलं. पण पुंजाराम तापाने फणफणलेला. शेवटी चांगुणाला घेऊन धाकटा दीर मनोज गाडी चालवत निघाला. त्याच्याकडे नुसतं शिकाऊ लायसन होतं.

ओझरच्या पुढे व्हॅनने एका सायकलवाल्याला उडवलं. सुरगाण्याहून द्राक्षतोडणीला आलेला बारकू. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. मनोज घाबरून मिळेल त्या गाडीने घरी पळाला. चांगुणाने एक जीप थांबवली आणि बारकूला सिव्हिलला आणलं. पोलिसांनी तिला दुसऱ्या दिवशी जबाबाला बोलावलं.

ती घरी पोचली तेव्हा सगळे तिचीच वाट बघत होते.

"गाडी माझ्या नावावर हाय," खंडेराव म्हणाले. "पोराकडं पक्कं लायसन नाय म्हटल्यावर विमावाले हात वर करतील. भरपाई माझ्या बोकांडी बसंल."

"पुंजा चालवत होता म्हणून सांग," सासू नवसाबाई म्हणाली. "सगळेच सुटतील."

पांघरुणातून पुंजाराम म्हणाला, "सांग तसंच. होईल ते होईल."

चांगुणाच्या लुगड्यावर बारकूचं रक्त वाळलं होतं. तिने फक्त मान हलवली.

सकाळी ठाण्याच्या वाटेवर ती तेच उत्तर घोकत होती. हवालदाराने विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मनोज. माझा दीर," ती बोलून गेली. मग म्हणाली, "लवकर चल, जरा हाण, असं मीच त्याला दोनदा म्हटलं. हे पण लिहा."

हवालदाराने ते काही लिहिलं नाही.

मनोजला अटक झाली, जामीन झाला, आणि भरपाईचा दावा सहा वर्षं चालला. दोनदा चांगुणा कोर्टात उभी राहिली, दोन्ही वेळा तेच बोलली. विमा कंपनीने आधी बारकूला भरपाई द्यावी आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावी, असा निकाल लागला. नोटीस आली तेव्हा खंडेराव स्वतः आले नाहीत, कागद गड्याबरोबर पाठवला. पुंजाराम-मनोज दोघा भावांनी विहिरीकडचा शेवंतीचा तुकडा विकून त्यांचं देणं फेडलं. मग वाटण्या झाल्या. नवसाबाई मनोजकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "नवऱ्याचं लायसन वाचवलंस, दिराला दिलंस पोलिसात."

पुंजारामवर केस झाली असती तर टेम्पो थांबला असता, चूल थांबली असती, हे खरंच होतं. ते जबाब देताना मनात होतं का? चांगुणाने पुष्कळ आठवून पाहिलं. पुढे आठवायचाही कंटाळा आला. वडील मात्र त्या आजारातून उठले आणि आणखी चार वर्षं जगले.

एकदा बाजारात बारकूची बायको साळूबाई भेटली. "पाय वाकडाच जुळला," ती म्हणाली, "पण चालतो."

पुढे नात्यातल्या एका लग्नात मनोज जवळ येऊन बसला.

"वहिनी, तुमचा राग नाय मला. पण तुमच्याशी बोलायला जमतच नाय."

"हं," चांगुणा म्हणाली. "जेवलास का?"

"नाय अजून."

"जा, पंगत बसतीय."