सात जणांची पोटदुखी

माझी बायको भांडखोर आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगतो, तेव्हा तुम्हाला सांगायला कसली भीती? ती सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते आणि माझं सायकल दुरुस्तीचं दुकान त्याच शाळेच्या फाटकासमोर आहे. आमचं लग्न जमवणाऱ्या मामांना ही फार मोठी सोय वाटली होती. दोघं बरोबर जातील, बरोबर येतील म्हणे. मामांचं काय जातंय बोलायला! तिच्याविषयीची प्रत्येक तक्रार आधी माझ्या दुकानात येते, पंक्चर काढून होईपर्यंत माझं डोकं खाते आणि मग रस्ता ओलांडून शाळेत जाते.

सगळं गाव तिला बाई म्हणतं, म्हणून मीही बाईच म्हणतो. घरात तिला ते आवडत नाही.

बाईकडे तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग, खोली मात्र एकच. तिसरीची तोंडं खिडकीकडे, चौथीची दाराकडे आणि मध्ये ही. एका बाजूला गुणाकार समजावायचा, तोवर दुसऱ्या बाजूला कविता म्हणायला लावायची. कविता म्हटली म्हणून मुलं धिंगाणा घालायची थांबत नाहीत, पण निदान तालात घालतात. त्यात पुन्हा घरोघर फिरून माणसं मोजा, गणवेश वाटा, वाटल्याचे फोटो वर पाठवा, फोटो अंधुक आला म्हणून त्याच मुलांना पुन्हा रांगेत उभं करा. यातून वेळ उरला तर शिकवा. आणि हे सगळं ज्यांनी लावून दिलं तेच साहेब तपासणीला येऊन विचारणार, मुलांना अजून वाचता का येत नाही? चोराच्या उलट्या बोंबा!

शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे मोठे सर. पोरांनी त्यांचं नाव टापटीप ठेवलंय. भिंतीला ओल आली की ते त्या जागी तक्ता टांगतात. आता बहुतेक सगळ्या भिंतींवर तक्ते आहेत.

तर गेल्या वर्षी पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, हे टापटीप रस्ता ओलांडून दुकानात आले. बाई माझ्याकडे चहा पीत बसली होती.

"बाई, उद्या तुमच्या सात जणांच्या पोटात दुखायला हवं," ते म्हणाले.

ज्यांना धड वाचता येत नाही त्यांना शाळेच्या भाषेत अप्रगत म्हणतात. चौथीत तसे सात जण होते. तपासणीच्या दिवशी अप्रगत मुलांनी घरी राहायचं आणि त्यांच्या नावापुढे आजारी लिहायचं, हे त्या शाळेत वर्षानुवर्षं चालत आलेलं. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मलाही नव्हतं वाटत, खरं सांगतो.

"दुखेल की," बाई म्हणाली. "पण त्यांच्या नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई."

"ती मूठ नाहीये सर, मुलं आहेत. साहेबांना बघू दे ना मला दोन वर्ग देऊन काय निघतंय ते."

टापटीपांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाक फिरवत राहिलो. बायकोच्या आणि मोठ्या सरांच्या मध्ये बोलू नये, एवढी अक्कल मला आहे.

दुसऱ्या दिवशी सातही जण वर्गात हजर. साहेबांनी नेमकं मुंगीला उभं केलं. मुंगी म्हणजे त्या सातांतलीच एक पोर, अंगाने एवढीशी. आई शिवणकारखान्यात जाते, म्हणून धाकट्या भावाला सांभाळायला ही दीड वर्ष घरीच होती. मग अक्षरं कुठून येणार? पोरीने पहिली ओळ कशीबशी वाचली आणि दुसरीत एका जोडाक्षरावर अडकली ती अडकलीच. "ही चौथीत?" साहेब म्हणाले. त्यांच्याबरोबरचा कारकून हसला. कारकून हसला म्हणून वर्ग हसला.

शाळेला खालचा शेरा मिळाला. टापटीपांची बढती जवळ आली होती, ती लटकली. त्या दिवसापासून ते हात धुऊन बाईच्या मागे लागले. रोज उठून बदलीची भाषा. डोंगरापलीकडच्या शाळेत पाठवीन, म्हणजे आठवडाभर तिथेच राहावं लागेल. इथे आमच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांची कूस बदलायला दोन माणसं लागतात. एकट्याने केलं तर ते कळवळतात आणि वर मलाच शिव्या देतात.

मी बाईला म्हटलं, "कशाला या लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस? सात पोरं घरी राहिली असती तर जग बुडलं असतं का?"

"त्यांचं बुडलंय," ती म्हणाली. "तुला दिसत नाही, कारण ती ओरडत नाहीत."

तिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

खरी आग मात्र मुंगीच्या आईने लावली. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखाना सुटल्यावर ती थेट दुकानावर आली आणि बाईला बघून भर रस्त्यात सुरू झाली.

"माझ्या पोरीला उभं करून हसं केलंत तिचं! घरी राहिली असती तर कोणाला कळलं होतं? काल रात्री जेवली नाही पोर. तुम्हाला तुमच्या साहेबाशी भांडायचं होतं ना? मग माझी पोर कशाला पुढे केली?"

बाई एरवी एकाला दोन ऐकवते. त्या दिवशी तिने सगळं ऐकून घेतलं. मुंगीची आई गेल्यावर मात्र म्हणाली, "बरोबर बोलली ती." आणि त्या रात्री बाईही जेवली नाही. म्हणजे एका वाचनापायी दोन घरांत उपास.

त्यानंतर शाळा सुटली की ते सात जण माझ्या दुकानाच्या फळीवर. मुंगी चार दिवस फिरकली नाही, मग आपली आपणच येऊन टोकाला बसली. ट्यूबच्या खोक्यांवरचं वाचायचं, रद्दीतलं वाचायचं, समोरच्या पाट्या वाचायच्या. गिऱ्हाइकाला टेकायला जागा नाही. 'दुकान आहे का बालवाडी?' असं एकाने विचारलं, त्याला बाईने खोकं हातात देऊन वाचायला लावलं. तो परत आला नाही. माझ्या अगदी नाकी नऊ आले.

वर्षाच्या शेवटी फेरतपासणी लागली. बाई सकाळी वर्गात गेली आणि जरा वेळाने तरातरा माझ्याकडे आली. सातही जागा रिकाम्या होत्या. या वेळी टापटीप तिला एका शब्दाने बोलले नव्हते. त्यांनी परस्पर घरोघरी निरोप पोहोचवला होता.

"सायकल काढ," ती म्हणाली.

वर्ग सोडून जाणं हा शिक्षेचा गुन्हा. मी सांगून पाहिलं. तिने माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी दुकान तसंच उघडं टाकून सायकल काढली.

सगळ्यात जवळ मुंगीचं घर. आई कामावर गेलेली. मुंगी दारात भाताचं पातेलं घासत होती आणि अंगात शाळेचा गणवेश होता. पोरीने सकाळी उठून वेणीसुद्धा घातलेली.

"पोटात दुखतंय का तुझ्या?" बाईने विचारलं.

"नाही."

"मग?"

मुंगी पातेलं घासतच राहिली. "मोठे सर म्हणाले, मी आले आणि मला आलं नाही तर तुमची बदली होणार. माझ्यामुळे."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि ते मस्तक माझं होतं. मला ठोका, माझ्या बायकोला ठोका. दहा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात हे अडकवायचं? बाईने पातेलं काढून घेतलं, मुंगीचे हात धुतले आणि आपल्या पदराने पुसले.

"माझी बदली मी बघीन," ती म्हणाली. "तू चप्पल घाल."

मुंगीला मी सायकलच्या दांडीवर बसवून आणलं. बाकीच्या सहांच्या घरी जायला वेळच नव्हता, साहेब वर्गात शिरलेच होते. बाईने मुंगीला आत नेऊन सरळ त्यांच्यापुढे उभं केलं. मी खिडकीत थांबलो. दुकान उघडं पडलंय हे लक्षातच नव्हतं.

मुंगीने वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द दगडासारखा उचलत होती. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "पुरे, पुढचा."

पुढचा मुलगा उभा राहिला. मुंगी थांबली नाही.

"अगं पुरे म्हटलं ना!" टापटीप ओरडले.

"पुरं नाही झालेलं," बाई म्हणाली. "शेवटपर्यंत वाचेल ती."

आणि ती वाचत राहिली, घामाघूम होऊन, पार शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. या वेळी कोणी हसलं नाही. मग पुस्तक मिटून खाली बसली. खिडकीच्या गजांना माझं ग्रीस लागलं होतं, ते अजून आहे.

उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत बाईच्या बदलीचा हुकूम आला. आता ती डोंगरापलीकडे असते, शनिवारी रात्री येते. शेजाऱ्याच्या हातापाया पडून मी वडिलांची कूस बदलतो. बाईच्या खोलीत नवीन कोणी आलं नाही. तिसरी-चौथीला टापटीपच अधूनमधून डोकावतात. ते सात जण पाचवीत गेले, पण आता फळीवर कोणी येत नाही, वाचून घ्यायला इथे आहे कोण?

परवा मुंगीची आई आली. सायकल नाही, पंक्चर नाही, नुसती भांडायला.

"आता हिला कोण शिकवणार? कुठे चार ओळी वाचायला लागली होती पोर. गप्प बसून राहिल्या असत्या तर इथेच असत्या ना! तुमच्या बाईंना एवढी अक्कल नव्हती का?"

"नव्हती," मी म्हणालो.

मुंगीच्या आईशी माझं आजवर एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालंय.