आवक क्रमांक ४१२

श्यामसुंदर टिल्लूंनी ‘चांगले’ हा शब्द एकोणीस वर्षांत दोनदा छापला होता, आणि दोन्ही वेळा तो तबलजीबद्दल होता. गाणाऱ्यांच्या वाट्याला तो कधी आला नाही. एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या बँडवर त्यांनी लिहिलं होतं, ‘चौघांपैकी तिघे गाणे एकाच वेळी संपवतात. सराव दिसतो.’ एका भावगीतवाल्यावर लिहिलं होतं, ‘गायक आणि पेटी यांची ओळख शेवटच्या कडव्यात होते.’ त्या भावगीतवाल्याने म्हणे ते कात्रण फ्रेम करून घेतलं. पुण्यात टिल्लूंचा मार खाल्लेला माणूस निदान गायक तरी आहे, असं लोक धरून चालायचे.

‘सुटे सूर’ हे त्यांचं चार पानी मासिक पत्र. कंपन्यांच्या दारात न गेलेल्या, किंवा जाऊन परत आलेल्या आणि मग पदरमोड करून स्वतःच गाणी काढणाऱ्या लोकांच्या बातम्या त्यात असायच्या, आणि त्या लोकांवर टिल्लूकाकांची मतं. मोठ्या कंपन्यांवर तर दर महिन्याला एक टोला ठरलेला. ‘कॉलरट्यून म्हणजे समोरच्याने फोन उचलला की जे संपले याचा आनंद होतो ते संगीत,’ हा त्यांचाच. दोनशे तेरा वर्गणीदार. सांगली, नाशिक, धारवाड, आणि एक मस्कतला. नारायण पेठेतल्या डीटीपीच्या दुकानात मी तो मजकूर टाइप करायचो. करमाळ्याच्या शाळेतून आलेल्या माणसाला पुण्यात कसं बोलतात हे शिकायला याहून बरा क्लास नव्हता. मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, “काका, तुम्ही स्वतः गाता?” ते म्हणाले, “मी अंडंही घालत नाही. पण आम्लेट बिघडलेलं मला कळतं.”

पाटबंधारे कार्यालयात तेहतीस वर्षं ते आवक-जावक टेबलावर होते. खडकवासल्याचं पाणी कालव्यात किती सोडायचं हे साहेब ठरवायचे, पण त्या कागदाला क्रमांक टिल्लूंचा. निवृत्तीनंतर टेबल गेलं, सवय राहिली. घरी आलेल्या प्रत्येक कॅसेटला, आणि आता सीडीला, ते आवक क्रमांक द्यायचे. आधी शिक्का, मग रजिस्टर, मग कात्री. पाकीट फोडण्याआधी क्रमांक पडलाच पाहिजे, म्हणजे आतला माणूस बघून कुणाला पुढेमागे करायची सोय राहत नाही. पत्राच्या पहिल्या पानावर नियमही छापलेला असायचा: ‘टपालाने आलेल्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण आवक क्रमानेच होईल. नाते, ओळख व शेजार यांस सवलत नाही.’ या नियमाखाली त्यांनी स्वतःच्या साडूची भक्तिगीतं झोडपली होती. तेव्हापासून त्या घरचा दिवाळीचा फराळ बंद आहे.

२००६ सालच्या फेब्रुवारीत मी प्रुफं घेऊन त्यांच्या सहकारनगरच्या घरी गेलो होतो. तेवढ्यात पोस्टमन रजिस्टर्ड पाकीट घेऊन आला. काकांनी सही केली, शिक्का मारला, रजिस्टरमध्ये लिहिलं: क्र. ४१२, प्रेषक आ. वि. गद्रे, कात्रज. मग कात्री घेतली. आतून सीडी निघाली. ‘मधली सुट्टी’. आठ गाणी, शब्द, चाल आणि आवाज आनंदी श्यामसुंदर टिल्लू.

काकांनी ते नाव दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आनंदीकाकू दारातच उभ्या होत्या, ओले हात पदराला पुसत.

“हे काय?”

“सीडी आहे.”

“ते दिसतंय. गद्रे कोण?”

“लग्नाआधी मी होते. विसरलात?”

“अगं, पण घरातल्या घरात रजिस्टर्ड पोस्ट?”

“हातात दिली असती तर ‘ठेव तिथे’ म्हणाला असतात. टपालाने आलेल्याला तुम्ही उत्तर देता.”

काकू कात्रजच्या महापालिकेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गाणं शिकवायच्या. प्रार्थना, समूहगीत, पंधरा ऑगस्ट. स्वतःची गाणी त्या वहीत लिहून ठेवायच्या, आणि लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी टिल्लूंनी त्यांच्या गाण्यावर बरंवाईट एक अक्षर काढलं नव्हतं. दोनशे तेरा लोकांना दर महिन्याला मत कळवणाऱ्या माणसाचं मत घरात पोचलं नव्हतं. काकूंना तेवढंच हवं होतं.

गाणी काढून दिली संपतने. हा त्यांचा जुना विद्यार्थी, कात्रजचाच. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, म्हशी विकल्या, तेव्हा याने रिकाम्या गोठ्याच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि स्टुडिओ केला. हायवेवरून ट्रक गेला की रेकॉर्डिंग थांबवायचं. काकू गुडघ्याच्या शेकाला म्हणून बसने जायच्या आणि गोठ्यात गायच्या.

“क्रमांक रद्द करता येईल,” काका म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की रजिस्टरशी, कळलं नाही.

“तेहतीस वर्षांत कधी केला होतात?” काकूंनी विचारलं आणि आत गेल्या.

केला नव्हता. पुढच्या अंकात ४०९, ४१० आणि ४११ झाले की ४१२ येणार होता.

पुढच्या पंधरा दिवसांत काका दुकानात चार वेळा आले. एरवी एकदा यायचे. ती सीडी त्यांनी मलाही ऐकवली. मला गाण्यातलं फार कळत नाही. आमच्याकडे लग्नातला बँड वेळेवर आला तरी तो उत्तम समजतात. पण त्यातलं पाचवं गाणं चालू झालं तेव्हा मी टाइप करायचा थांबलो. शाळा सुटलीय, सगळ्या मुलींना न्यायला कुणी ना कुणी आलंय, एक मुलगी फाटकाशी उभी आहे. एवढंच गाणं. पेटी नाही, तबला नाही. संपतने नुसता बाकावर बोटांनी ठेका धरलाय. काकूंचा आवाज कुठेही रडत नाही. ती मुलगी घरी गेली की नाही, तेही सांगत नाही.

गाणं संपल्यावर काका म्हणाले, “एकोणीस वर्षांत असं आलेलं नाही.”

“मग तेच लिहा ना.”

“आणि खाली सही काय करू? गायिकेचा नवरा?”

तरी त्यांनी लिहिलं. मी टाइप केलं, छापून हातात दिलं. त्यांनी स्वतःचाच मजकूर अनोळखी माणसाच्या अर्जासारखा वाचला आणि कागदाचे चार तुकडे केले. “हा परीक्षक नाही बोलत. हा घरी जेवणारा माणूस बोलतोय.”

दुसरा मसुदा त्यांनी इतका सांभाळून लिहिला की त्यात मतच उरलं नाही. गाणी आठ, एकूण वेळ एकतीस मिनिटे, मुखपृष्ठ हिरवे. त्याच दिवशी दुकानात त्यांचा मोबाइल वाजला. साडू. आवाज मोठा असल्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

“श्यामराव, आनंदीची सीडी मिळाली हो! आता मार्चच्या अंकाची वाट बघतोय. आमच्या वेळी गळ्यात कफ दिसला होता तुम्हाला. आता काय दिसतंय ते बघू. की घरच्यांना कफ होत नाही?”

फोन ठेवल्यावर काकांनी तो ‘मुखपृष्ठ हिरवे’वाला मसुदा परत घेतला, समोरच्या स्टुलावर बसून पाठीमागच्या बाजूला लिहिलं आणि माझ्यासमोर टाकलं.

‘क्र. ४१२. मधली सुट्टी. गायिकेने अठ्ठावीस वर्षे मुलांना एका सुरात गायला लावले, त्याचा परिणाम स्वतःच्या आवाजावर झालेला दिसतो. शब्द शाळेच्या हस्तलिखितात शोभतील. पाचवे गाणे वाद्यांविना आहे. वाद्यांनी यायला नकार दिला असावा.’

“काका, हे खोटं आहे.”

“तू टाइप कर.”

एक अडचण अजून होतीच. ‘सुटे सूर’ची प्रुफं पहिल्या अंकापासून आनंदीकाकू तपासायच्या. मी प्रुफं घेऊन गेलो तेव्हा काका गॅलरीत जाऊन उभे राहिले. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, पण ते फार लक्ष देऊन बघत होते. काकूंनी पेन्सिल घेतली. चौथ्या पानावर ४१२ होता. त्यांनी तो वाचला, एका ठिकाणी राहिलेला पूर्णविराम दिला, दुसऱ्यांदा वाचला.

“बाकी ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “छापायला हरकत नाही.” मग मला विचारलं, “चहा घेणार ना?”

चहात साखर घालायची त्या विसरल्या. मी तो पिऊन टाकला. काका गॅलरीतून आत आले आणि त्यांनीही तो तसाच प्यायला.

अंक गेला आणि पत्रं सुरू झाली. एका अंकावर एवढी पत्रं मी कधी पाहिली नव्हती. धारवाडहून आलं, ‘निःस्पृहपणा म्हणतात तो हाच.’ नाशिकच्या एका म्हाताऱ्या गायकाने लिहिलं की आपल्यावरची टीका इतकी वर्षं आकसाची वाटायची, आता पटली. मस्कतवाल्याने पाच नवे वर्गणीदार दिले. साडूंनी स्वतः येऊन हात जोडले: “मानलं. बायकोलाही सोडलं नाही!” आयुष्यात पहिल्यांदा खोटं छापलं त्याच महिन्यात माणूस सत्यवादी म्हणून गाजला.

संपत तेवढा वेगळा. तो थेट सहकारनगरला आला. मी उरलेल्या अंकांचा गठ्ठा द्यायला तिथेच होतो.

“बाई, तुमच्या मालकांना कान हाय का नाय?”

“संपत, बस. ओरडू नकोस.”

“बसत नाय. पाचव्या गाण्याला माझी आय रडली. तिला काय सूर कळत्यात? आन् हे लिवत्यात, वाद्यांनी नकार दिला!”

“त्यांना जे वाटलं ते त्यांनी लिहिलं,” काकू म्हणाल्या. “मीच मागितलं होतं. गोड लिहा असं कुठे म्हटलं होतं?”

“मग पुढली गाणी? एप्रिलात येनार होता न्हवं?”

“नको आता. गुडघा दुखतो.”

काका तिथेच खुर्चीत होते. कार्यालयात चुकीच्या साहेबाच्या टेबलावर फाइल गेली की उचलून आणता यायची. ही दोनशे तेरा टेबलांवर गेली होती.

त्यानंतर घरात गाणं बंद झालं. भांडण नव्हतं. जेवण वेळेवर, बोलणं व्यवस्थित, फक्त काकू ओट्याशी उभ्या असताना गुणगुणायच्या ते थांबलं. “ते मला ऐकू यायचं हेच कधी माहीत नव्हतं,” काका दुकानात मला म्हणाले. “आता येत नाही, ते दिवसभर ऐकू येतं.” मग बराच वेळ शेजारच्या गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेतला गणपती बघत बसले.

मेच्या अंकाचा मजकूर आणला तेव्हा शेवटी एक चौकट होती. ‘दुरुस्ती: आवक क्र. ४१२ चे परीक्षण परीक्षकाने मनाविरुद्ध लिहिले. परीक्षक घाबरला होता. पाचवे गाणे या पत्राच्या आयुष्यात आलेले सर्वांत चांगले गाणे आहे. श्या. टिल्लू.’

“लोक काय म्हणतील माहितीये ना?” मी विचारलं.

“माहितीये. ठळक अक्षरात घे.”

या अंकाची प्रुफं त्यांनी काकूंना दाखवली नाहीत, स्वतःच तपासली. छापून झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून घड्या घातल्या, पत्ते चिकटवले. एवढे हलके मी त्यांना आधी पाहिले नव्हते. पोस्टाच्या पेटीशी त्यांनी मला चक्क उसाचा रस पाजला.

आठवड्यात पत्रं आली. धारवाड: ‘गृहकलहाबद्दल सहानुभूती.’ नाशिकचा गायक: ‘आता माझ्यावरची दुरुस्तीही छापावी, मी माझ्या बायकोला सांगून ठेवतो.’ मस्कतहून आलेले पाचजण परत गेले. साडूंचा फोन मी ऐकला नाही, पण काका तो कानापासून लांब धरून उभे होते. मार्चमधल्या खोट्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. मेमधल्या खऱ्यावर एकानेही ठेवला नाही.

त्यांना मात्र एकाच वाचकाची पडली होती. अंक त्यांनी चार दिवस टेबलावर ठेवला होता, दुरुस्तीचं पान वर करून. मी कामासाठी नाही, मुद्दामच चौथ्या दिवशी संध्याकाळी गेलो होतो. जूनचा मजकूर आणायचा हे निमित्त. काकू शेंगा सोलत होत्या. काकांनी विचारलंच.

“वाचलंस?”

“वाचलं. एक वेलांटी चुकलीये.”

“ते सोड. पटलं का?”

काकूंनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले.

“कसं सांगू?”

“अगं, खरं लिहिलंय.”

“मार्चमध्येही मी खरंच समजले होते,” काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. वर्गात एखाद्या मुलाला पाढा चुकला की तो कुठे चुकला हे सांगतात तसा होता. “तेव्हा लोकांना घाबरून लिहिलंत म्हणता. आता मला घाबरून लिहिलं नाहीत कशावरून? मी गप्प झाले, घर गप्प झालं, तुम्हाला सहन झालं नाही. असंही असेल.”

“तसं नाहीये.”

“नसेल. पण मला कळायचं कसं? मला एकदा, एकदाच, तुमचं खरं मत हवं होतं. आता दोन आहेत, आणि दोन्हीवर तुमची सही आहे.”

काका माझ्याकडे बघायला लागले. मी साक्षीदार होतो. पाचवं गाणं संपल्यावर ते काय म्हणाले ते मी ऐकलं होतं. “काकू, खरंच,” मी म्हणालो, “दुकानात ते मार्चच्या आधीच म्हणाले होते की—”

“तू त्यांचा टायपिस्ट,” काकू म्हणाल्या आणि हसल्या, खरंखुरं हसल्या. “ते सांगतील ते तू उमटवणार.”

त्यांनी वाटी उचलली आणि आत गेल्या. ओट्याशी नळ सुरू झाला, बंद झाला. काका मान किंचित तिरकी करून आतला कानोसा घेत होते. आतून फक्त कुकरचं झाकण लावल्याचा आवाज आला.

बऱ्याच वेळाने त्यांनी रजिस्टर ओढलं आणि जूनसाठी मजकूर सांगायला सुरुवात केली. क्र. ४२१, सांगलीचा कुणी गझलवाला. “लिही,” ते म्हणाले. मी पेन काढलं. ते बोलायचे थांबले, पुन्हा म्हणाले, “लिही,” आणि पुढे त्यांना काही सुचेना.