स्पीकरमध्ये कोंबलेल्या चिंध्या

छोटे शेठ स्टुलावर चढला आणि स्पीकरच्या भोकातून चिंध्या ओढून काढायला लागला. एक. अजून एक. निळी, काळी, राखाडी. जीन्सची उंची कमी करताना कापलेल्या पट्ट्या होत्या त्या, मीच कापलेल्या. प्रत्येक चिंधी तो वर धरून अख्ख्या दुकानाला दाखवायचा आणि माझ्या मशीनवर टाकायचा. गिऱ्हाइकं बघत होती, सेल्समन बघत होते, गल्ल्यावरून मोठे शेठ बघत होते.

"हे कोणाचं काम?"

त्याला माहीत होतं. उल्हासनगरातल्या त्या कपड्यांच्या दुकानात शिलाई मशीन एकच, आणि त्यावर बसणारी मी एकटी. गिऱ्हाइकाने जीन्स घेतली की जागच्या जागी अल्टर करून द्यायची, हे माझं काम. आणि स्पीकर बरोबर माझ्या डोक्यावर.

"माझं," मी म्हटलं. "आवाज सहन होत नाही, छोटे शेठ. म्हणून."

"तरीच म्हटलं, बेस कुठे गेला!" तो गिऱ्हाइकांकडे वळून हसला. "अरे, फंक म्युझिक आहे हे, फंक! दुनिया नाचते याच्यावर. आणि आमच्या मॅडमचे कान नाजूक. नाटकं करते."

मग खाली उतरून त्याने स्टूल माझ्यापुढे सरकवलं. "चढ. कान लावून पूर्ण गाणं ऐकायचं. आदत होऊन जाईल."

मी चढले. तीस वर्षांची बाई, आईचं आजारपण आणि घर माझ्या मशीनवर चालतंय, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी स्टुलावर चढले. का चढले, हे मी स्वतःला आजही विचारते. त्याने आवाज वाढवला.

ते गाणं अंगाला कसं लागतं ते सांगते. ज्यांना लागत नाही त्यांना खोटं वाटेल. वाटू दे. त्यात जाड तारेची गिटार असते, ती छेडत नाहीत, अंगठ्याने बडवतात. तो दणका आधी कानात जातच नाही. आधी बरगडीत बसतो, मग दाढांत. मधेच पिपाण्या किंचाळतात आणि एकदम गप्प होतात. मग गॅप. सगळी मजा त्या गॅपमध्येच आहे म्हणे, लोकांचे पाय तिथेच हलतात. मला त्या गॅपचीच भीती. पुढचा दणका येणार, हे अंगाला ठाऊक असतं. मान आखडते, श्वास थांबतो, तळहात ओले होतात. आमचे शाळेतले मास्तर हात पुढे करायला लावायचे आणि छडी उगारून तशीच थांबवायचे, अगदी तसं. आणि हे गाणं दुकानात दिवसभर लागायचं.

एका सेल्समनने मोबाईल काढून शूटिंग केलं. माझे पाय थरथरत होते, त्यावर कोणीतरी म्हणालं, "बघ, नाचायला लागली!" सगळे हसले. गाणं संपल्यावर छोटे शेठ म्हणाला, "सॉरी बोल."

मी सॉरी म्हटलं. ते हसू मी विसरेन एक वेळ. माझ्याच तोंडातून आलेलं ते सॉरी विसरता येत नाही.

चिंध्या कोंबायची अक्कल मला बाबांकडून आली होती. बाबा ढोलकी वाजवायचे. अंबरनाथला बुवापाड्यात आमची एक खोली. हळदीचा सीझन आला की वांगणीपासून जांभूळ गावापर्यंत सुपाऱ्या यायच्या, आणि बाबा घरात सराव करायचे. पहिली थाप पडली की मी पलंगाखाली. कानांत बोटं, गुडघ्यांत डोकं.

आत्या चिडायची. "ढोलकीवाल्याची पोर, आणि ढोलकीला भिते! दाखवा हिला कुठेतरी." दवाखान्यात नेलं. हेडफोन लावून तपासलं. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. झालं! आत्याला तेवढंच हवं होतं. "बघ दादा, मी म्हटलं नव्हतं, नाटकं आहेत ही?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझीच गोधडी घेतली, दुहेरी करून ढोलकीवर टाकली आणि वरून थाप मारली.

"आता लागतंय का गं, बाय?"

नव्हतं लागत. त्या दिवशी मी पलंगाखालून बाहेर आले आणि आपला बाप काय वाजवतो ते पहिल्यांदा ऐकलं. किती गोड हात होता! मग मी त्यांच्या मांडीला टेकूनच बसायची. पुढे कायम घरात सराव गोधडीवरून. त्यांच्या पार्टीतली माणसं त्यांना गोधडीवाला म्हणून चिडवायची, बाबा हसायचे. पण हळदीला मी कधी गेले नाही, जाऊच शकले नाही. उघडी ढोलकी वाजवणारा माझा बाप हजारो लोकांनी पाहिला, मी नाही पाहिला. चार वर्षांपूर्वी ते गेले. हे दुःख कुणाला सांगायचं? सांगितलं तर पुन्हा तेच ऐकायचं, नाटकं.

खरं सांगू? चिंध्या कोंबल्यावर ते दुकानातलं गाणंही मला आवडलं होतं. पायडलवरचा माझा पाय त्या ठेक्यावर पडायला लागला होता. आठ दिवस मी सुखात शिवलं. त्या गाण्याशी माझं काही वैर नाही. त्याची छडी या लोकांनी केली.

सॉरी म्हटल्यानंतरही मी कामाला जात राहिले. कानांत कापूस, वरून ओढणी. कापसाने दाढांतलं थांबत नाही. घरी येऊन आईशीही बोलत नव्हते, तिच्या भांड्यांचा आवाजसुद्धा नको व्हायचा. ती बिचारी ताट वाढताना जपून ठेवायची, आणि मला अजूनच रडू यायचं.

मग एक दिवस बदलापूरची एक बाई आली, सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी. जीन्स घेतली, उंची कमी करायला माझ्याकडे आल्या. मी माप घेत होते तेवढ्यात ते गाणं लागलं. पहिला दणका. मग गॅप. त्या गॅपमध्ये मी मुलीची मान आखडलेली पाहिली. मला दुसरं काही बघायची गरजच नव्हती. पुढच्या दणक्याला ती माझ्या मशीनशेजारी खाली बसली. कानांवर हात, गुडघ्यांत डोकं.

आईने दंडाला धरून ओढलं. "ऊठ! लोक बघतायत." आणि आजूबाजूला ओशाळून हसली. "सॉरी हां, हिची ना नाटकंच असतात."

पोरगी खालूनच म्हणत होती, "सॉरी आई. सॉरी. सॉरी."

माझं सॉरी. माझंच, तिच्या तोंडात.

मी उठले. माझं मशीन आणि तो स्पीकर एकाच बोर्डवर होते. स्पीकरची पिन मी उपटली. दुकान गप्प झालं, पंख्याची घरघर ऐकू यायला लागली.

"कोणी बंद केलं?" छोटे शेठ आतून आला.

"मी."

"लाव."

"नाही लावणार."

"काम करायचंय ना?"

"करायचंय. या मुलीची जीन्स पुरी करणार. तोवर गाणं लागणार नाही."

"उद्यापासून येऊ नको."

"बरं," मी म्हटलं आणि पिन मांडीवर ठेवून शिवायला बसले. दोनदा दोरा तुटला, तरी टीप सरळ आली. कुणी माझ्या मांडीवरची पिन घ्यायला आलं नाही. छोटे शेठही नाही.

जीन्स देताना मी त्या आईला म्हटलं, "ताई, नाटकं नाहीत ही. तिला लागतं. मलाही लागतं." तिने पिशवी घेतली, मुलीचा हात धरला आणि गेली. तिला पटलं की नाही, मला माहीत नाही. मुलीने दारातून एकदा मागे पाहिलं.

त्यानंतर मी दोन दुकानांत गेले. दोन्हीकडे पहिल्याच दिवशी सांगितलं, मशीनपाशी आवाज कमी ठेवावा लागेल. पहिला म्हणाला, मग घरी बस. दुसऱ्याने हो म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी आवाज वाढवला. मी तिथूनही निघाले. घरात आई काळजीने बघते. गोधडी अजून ढोलकीवरच आहे.

उद्या तिसऱ्या दुकानात जायचंय. शिवणकाम दाखवायच्या आधी मी हेच सांगणार. हसले तर हसू देत. सॉरी म्हणणार नाही. आणि स्टुलावर चढणार नाही.