गार्डेड या शब्दाचा अर्थ

गाडी सुरू झाली तरी मी दार लावलं नव्हतं. अंगणात आई, आबा आणि शेजारच्या बायका उभ्या होत्या. आईनं हातावर दही ठेवलं होतं, ते खाऊन झालं तरी मी हात तसाच पुढं धरून बसले होते. शेवटी मंगलवहिनी आल्या, त्यांनी बाहेरून दार लोटलं आणि खिडकीत वाकून म्हणाल्या, "वन्सं, लय रिलक्टंट दिसताय. जावा आता."

रिलक्टंट म्हणजे जायला पाय निघत नसलेली, पण जमलेल्या बायकांना त्यातलं काही कळलं नाही. मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच गाडी वळणावरून पुढं गेली. मुंबईचा विमानतळ, तिथून इंग्लंडातलं लीड्स. घर सोडल्याच्या आठवणीत बहुतेकांना रडणं आठवतं. मला एक इंग्रजी शब्द आठवतो.

आमचं गाव कडेगाव तालुक्यातलं, उसाचं. दादा सैन्यात, सुट्टी मिळेल तेव्हा येणार, तोवर घर आई-आबा आणि वहिनींवर. वहिनींचं माहेर औंधच्या बाजूला. बारावी झाली आणि लग्न होऊन त्या आमच्याकडं आल्या. मी सांगलीला नर्सिंग केलं, तिथंच एका हॉस्पिटलमध्ये लागले. बरोबरीच्या मुली एकेक करून परदेशी निघाल्या तशी मलाही ओढ लागली. पण त्यासाठी इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते, आणि मी दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेतली.

विश्रामबागेत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास होता. ड्युटी संपली की सिटी बस पकडून जायचं. सर फळ्यावर शब्द लिहायचे, मेटिक्युलस, अँबिग्युअस, डेट्रिमेंटल. आम्ही उतरवून घ्यायचो आणि बसमध्ये बसून पाठ करायचो. पहिल्या प्रयत्नात मी नापास झाले. चार दिवसांचे कपडे घेऊन गावी आले आणि आईला सांगून टाकलं की हे आपलं काम नव्हे, सांगलीत आहे ते बरं आहे.

वहिनी चुलीपुढं भाकरी करत होत्या. त्यांनी विचारलं, परीक्षेत अवघड काय गेलं. मी म्हणाले, शब्द. पाठ करते, पण वाक्यात आले की ओळखू येत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग मला सांगा की अर्थ. मला कळला म्हंजे तुमाला कळला."

त्यांचा उत्साह मोडायला नको म्हणून मी मोबाईल काढला. अँबिग्युअस म्हणजे संदिग्ध, असं वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, संदिग्ध म्हणजे काय. मी अडखळले. तो मराठी शब्दही मी फक्त वाचलेला होता, तो कधी माझ्या तोंडात आला नव्हता. मग मी आठवून आठवून सांगू लागले, की एखादं बोलणं असं असतं, ज्याचा असाही अर्थ निघतो आणि तसाही. वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या की ऊसतोडीच्या मुकादमाला टोळी कधी येणार विचारलं की तो म्हणतो, येईल की आज-उद्या, बघू. तसंच ना हे? अगदी तसंच होतं. तो शब्द मी पुन्हा कधी विसरले नाही.

तिथून आमची रीतच पडली. शब्दाला गावातलं माणूस किंवा घरातली वस्तू सापडेपर्यंत तो झाला असं धरायचं नाही. मेटिक्युलस म्हणजे आई, कारण ती तांदूळ निवडायला बसली की खड्याची काय बिशाद. इफेमरल म्हणजे शेतीपंपाची लाईट, आली म्हणेतो गेलेली. ऑबस्टिनेट, म्हणजे हट्टी, हा शब्द आबांना गेला. सोप्यातून त्यांनी विचारलं, आमचं नाव कशात घेताय गं. वहिनी पदर सारखा करत म्हणाल्या, "चांगलाच शब्द हाय, मामंजी."

मी सांगलीला परत गेले. माझी जेवणाची सुट्टी झाली की वहिनींचा फोन यायचा. कृष्णेच्या घाटावर बसून मी डबा खायची आणि त्या पलीकडून शब्द विचारायच्या. आधी त्यांचे उच्चार ऐकून मला हसू फुटायचं. पण त्या मोबाईलवर तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकायच्या, शेण काढताना म्हणायच्या, धारेला बसून म्हणायच्या, आणि आठवड्यात माझ्यापेक्षा साफ बोलायच्या. पुढं पुढं त्या शब्दांचं त्यांना स्वतःचंच वेड लागलं. माझ्या सरावासाठी डॉक्टरांनी डॉक्टरांना लिहिलेली नमुन्याची पत्रं असायची, तीही त्यांनी मागून घेतली. त्यात एकदा 'प्रोग्नॉसिस गार्डेड' असं आलं. मी सांगितलं की पेशंट वाचेल असंही डॉक्टर म्हणत नाहीत आणि वाचणार नाही असंही म्हणत नाहीत. वहिनी म्हणाल्या, "म्हंजे डॉक्टरच्याच तोंडावर पहारा."

दुसऱ्या प्रयत्नात मी पास झाले आणि लीड्सला आले.

इथं आल्यावर कळलं की घोकलेल्या शब्दांपैकी एकही पेशंटच्या तोंडात नसतो. ते बरं नसलं की पूर्ली असतात, दमले की नॅकर्ड असतात, मरणाच्या दुखण्यातही नॉट टू बॅड असतात. मोठाले शब्द राहतात ते नोट्समध्ये, ड्युटी बदलताना द्यायच्या हँडओव्हरमध्ये आणि नातेवाइकांना वाईट बातमी सांगायच्या छोट्या खोलीत. तिथं ते फार उपयोगी पडतात. मीही ते वापरायला शिकले. समोरच्याला पुरतं कळू नये आणि आपण खोटंही बोललो नाही असं व्हावं, इतपत इंग्रजी मला यायला लागलं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात बातमी आली. दादाची गाडी डोंगरातल्या रस्त्यावरून घसरून खाली गेली होती. त्याला दिल्लीच्या हॉस्पिटलमध्ये आणलं होतं, शुद्ध नव्हती. आबांना गुडघ्यांमुळं प्रवास झेपत नव्हता. वहिनी त्यांच्या भावाला घेऊन निघाल्या. विमानात त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

मला रजा मिळायला वेळ लागणार होता. मी फोनवर फोन करत होते. तिथले डॉक्टर भले होते; वहिनींना रोज हिंदीत धीर देत होते, कोशिश कर रहे हैं, भरोसा रखिए. पण एका सकाळी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी बरोबरच्यांना इंग्रजीत काही सांगितलं. वहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. डोक्यावर पदर घेतलेल्या या बाईला ते कळेल असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं.

त्यांचा फोन आला तेव्हा मी वॉर्डच्या जिन्यात होते.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "ते प्रोग्नॉसिस गार्डेड म्हणाले. म्हंजे वाचंल का न्हाई ते आत्ता सांगता येत न्हाई. असंच ना?"

मी नर्स होते. अशा वेळी काय बोलायचं ते मला येत होतं. तरुण आहे, तब्येत चांगली आहे, डॉक्टरांना तसं बोलावंच लागतं. सगळी वाक्यं जिभेवर आली. पण तो अर्थ त्यांना मीच सांगितला होता. मी म्हणाले, "होय, वहिनी. तसंच."

मग त्या म्हणाल्या, "बरं. आत्याबाईंना सांगू नका. कवा सांगायचं ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. काय म्हणाल्या ते त्यांच्या भावानं मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, आय नो गार्डेड. प्लीज टेल मी ऑल." डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली. मेंदूला सूज किती आहे, पायाचं काय होईल, पुढचे दिवस कशासाठी महत्त्वाचे आहेत, सगळं नीट समजावलं. त्यानंतर रोज राउंड झाल्यावर ते थांबून वहिनींशी बोलत. रोज दुपारी वहिनी मला सांगत, आणि गावी फोन करून आईला मात्र तेवढंच सांगत, जेवढं तिला झेपलं असतं. तो सगळा भार त्यांनी एकटीनं उचलला. मी पोचले तोवर दादानं डोळे उघडले होते, वहिनींना ओळखलंही होतं.

दादा वाचला. उजवा पाय घोट्यात वळत नाही, सैन्यातून घरी आला, आता ऊस बघतो. मी लीड्सला परतले आणि त्या छोट्या खोलीतलं माझं बोलणं बदललं. गार्डेड म्हणून झालं की आता मी तिथंच थांबते, त्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगते, आणि नातेवाईक विचारतील तितका वेळ बसते. सहकारी म्हणतात, तुला फार वेळ लागतो. लागतो खरा.

यंदा सुट्टीत आम्ही सगळे औंधला यमाईच्या डोंगरावर गेलो. दादा काठी टेकत, कुणाचा हात न धरता चढत होता. वहिनी आणि मी मागं होतो. मी त्यांना म्हणाले की त्या दिवशी जिन्यात माझ्या मनात खोटं बोलायचं आलं होतं. त्या चालता चालता म्हणाल्या की ते त्यांना कळलं होतं. मी उत्तर द्यायला थोडी थांबले होते ना, त्यावरून.

मग एका पायरीवर दम घ्यायला थांबल्या.

"खोटं बोलला असता तर मी तुमाला परत काई इचारलं नसतं," त्या म्हणाल्या. "आन मग मी कुणाला इचारणार हुते?"

माझ्यासारख्या दूर गेलेल्यांना लोक विचारतात, घर कुठं आहे. पूर्वी मला वाटायचं, जिथं कुठल्याच शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही ते घर. आता वाटतं, ज्या माणसानं अर्थ विचारल्यावर मला खरं तेच सांगावं लागतं, ते माणूस जिथं आहे तिथं माझं घर आहे. ते माणूस माझ्या पुढच्या पायरीवर दम घेत उभं होतं. मी पाण्याची बाटली उघडून वहिनींच्या हातात दिली.